खाडीवरचे बुडबुडे

माझ्या डाव्या पायाचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी लहान होते, शाळेत नुकतीच जायला लागले होते. पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. होडीखाली लाकडाचे ओंडके घालतात, त्यांच्यावरून ती सरकत वर येते. त्यातला एक ओंडका सुटला आणि माझ्या पायावरून गेला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून माझा उजवा पाय टेकतो आणि डावा मागून ओढत येतो. टप्, सर्र. टप्, सर्र. आळीतल्या बायका मान वर न करता ओळखायच्या, कोण आलंय ते.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी. बाबांची होडी, आणि आय मासळी सुकवून चौलच्या बाजूला विकायला न्यायची. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांवर, बोंबील वाळत घातलेले असत आणि खाली जमिनीवर जवळा पसरलेला. कावळ्यांपासून तो राखायचं काम माझ्याकडे. धावपळीचं काम मला सांगता येत नव्हतं, पण काठी घेऊन बसता येत होतं. माझ्यासोबत माझा धाकटा भाऊ. त्याला मोकळा सोडला की तो सरळ खडकांवर पळायचा. तिथं भरतीचं पाणी कधी मागून येईल सांगता येत नाही, म्हणून आय जाताना दर वेळी म्हणायची, ‘‘मासळी गेली तर गेली. याला सोडू नको.’’

त्याला बसवून ठेवायचं माझ्याकडे एकच साधन होतं, गोष्टी.

आमच्या कुंपणाला मोगली एरंड होता. त्याचं पान खुडलं की देठातून चीक येतो. गवताच्या काडीचं कडं करून त्या चिकात बुडवायचं आणि हळूच फुंकायचं. फुगा निघतो, उन्हात रंग बदलत जातो आणि बोंबलांच्या रांगेमधून तरंगत दिसेनासा होतो. भाऊ ते फुगे हातात धरायला बघायचा. धरला की फुटायचा, आणि मग तो रडायचा.

एकदा संध्याकाळी वाळूवर पोरं लंगडी खेळत होती. मी बाजूला उभी होते. एक मुलगी म्हणाली, ‘‘हिला कशाला घ्यायचं? ही तर रोजच लंगडी खेळते.’’ सगळे हसले. भाऊही हसला. तो इतका लहान होता, की बाकीचे हसतात म्हणून तो हसला. मला त्याचा राग आला नाही. पण दुसऱ्या दिवशी राखणीला बसल्यावर मी त्याला जी गोष्ट सांगितली, ती खरं तर मी मलाच सांगत होते.

खाडीच्या तळाशी एक मोठा मासा झोपलेला असतो. तो घोरतो. त्याच्या घोरण्याचे बुडबुडे वर येतात, मासळीच्या टोपलीएवढे. ते पाण्यावर आले तरी फुटत नाहीत. ज्याला पलीकडे जायचंय त्यानं त्यांच्यावरून उड्या मारत जायचं. मात्र जोर लावायचा नाही. बुडबुडा खाली दबला की आपणही दबायचं, तो वर यायला लागला की अंग सोडून द्यायचं. पुढचं काम त्याचं. फार वेळ विचार करत उभं राहिलं तर तो फुटतो. आणि उडी मारणाऱ्याचा पाय कसा आहे, हे बुडबुडा बघत नाही.

‘‘मग तू पण जाशील?’’ भावानं विचारलं.

‘‘मी सगळ्यात पुढं.’’

‘‘आणि मी?’’

‘‘तू माझा हात धरून.’’

ती गोष्ट कितीतरी महिने चालली. पलीकडच्या काठावर रोज वेगळं गाव असायचं. कधी तिथली माणसं उलटी चालायची, कधी तिथं फक्त कावळे राहायचे आणि ते आमच्यापासून त्यांची मासळी राखायचे. भाऊ पोट धरून हसायचा. खडकांकडे पळायचं तो विसरूनच गेला.

पुढं मामानं आम्हाला टीव्हीला जोडायचा एक खेळ आणून दिला. मामा न्हावा शेव्याला बंदरात कामाला होता, तिकडच्या कुठल्या बाजारातून त्यानं तो घेतला होता. एका कॅसेटमध्ये भाराभर गेम. त्यातल्या एकात एक छोटा प्राणी पाण्यापाशी येतो आणि खालून बुडबुडे वर येतात. भावानं चुकून बटण दाबलं आणि तो प्राणी बुडबुड्यावर पडला. बुडबुडा फुटला नाही. दबला आणि त्यानं त्याला वर उडवलं.

‘‘ताईचे बुडबुडे!’’ भाऊ एवढ्या जोरानं ओरडला, की आय हातातलं काम टाकून आत आली. ‘‘आय, टीव्हीत ताईचे बुडबुडे हायत!’’

मी चकित झाले होते. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, अशा कुठल्या तरी माणसांना दूर देशात बसून हेच सुचलं होतं. पुढं कार्टूनमध्ये, चित्रांच्या पुस्तकांत आणि इतर गेममध्ये हे मी पुष्कळदा पाहिलं. बुडबुडा आला की कुणीतरी त्याच्यावर उडी मारतं आणि तो उशीसारखा त्याला झेलतो. खरा बुडबुडा बोट लावताच फुटतो, हे लहान मुलालाही माहीत असतं. तरी कुणी तक्रार करत नाही. मला वाटतं, तो फुटतो हे माहीत असतं म्हणूनच तो फुटला नाही की इतकं बरं वाटतं.

भाऊ शिकला, पुण्याला गेला आणि गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. मी गावातच राहिले. अंगणवाडीत मुलांना सांभाळते, गाणी म्हणते, गोष्टी सांगते. भाऊ फोन करायचा तेव्हा कामाबद्दल भरभरून बोलायचा. एकदा म्हणाला, ‘‘ताई, खेळणारा पहिल्यांदा बुडबुड्यावर उडी मारतो ना, तेव्हा तो घाबरलेला असतो. बुडबुडा फुटला नाही, की त्याचा आपल्यावर विश्वास बसतो. मग आपण त्याला कुठंही नेऊ शकतो.’’ मला ते फार आवडलं. माझा भाऊ माझ्याहून हुशार झाला, असं मी आयला सांगितलं.

मागच्या शिमग्याला तो आला तेव्हा त्याच्याकडे आवाज टिपायचं यंत्र होतं. माईकला मांजराच्या अंगासारखं केसाळ आवरण. नवीन गेम आपल्या खाडीवरचा आहे, त्यासाठी इथलेच आवाज हवेत, असं तो म्हणाला. दिवसभर तो लाटांचा, होडीच्या दोराचा, आयच्या कोयत्याचा आणि कावळ्यांचा आवाज टिपत हिंडला. मग माझ्याकडे आला.

‘‘ताई, पोटमाळ्यावर जरा चाल ना. फळ्यांवर. मी खाली माईक धरतो.’’

पोटमाळ्याची शिडी मला जड जाते, पण त्यानं मागितलं म्हणून चढले. आम्ही दोघं लहानपणी तिथं लपून बसायचो. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. खालून तो म्हणाला, ‘‘अजून एकदा. घाई नको करूस. तुझं नेहमीचं चालणं हवंय.’’

मला हसू आलं. ‘‘माझं नेहमीचं चालणं कुणाला हवंय रे?’’

‘‘मला,’’ तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा माझं चालणं कुणीतरी मागत होतं. त्यानं सांगितलं तितक्या वेळा मी फळ्यांवरून चालले. पाय दुखायला लागला तरी सांगितलं नाही. मनात म्हटलं, गेममध्ये ताई असणार, बुडबुड्यांवरून खाडी ओलांडणारी, आणि तिची पावलं माझी असणार.

पावसाळ्याच्या सुरुवातीला गेम आला. मी माझ्या फोनवर घेतला आणि संध्याकाळी ओट्यावर बसून सुरू केला. आय आत स्वयंपाक करत होती. पडद्यावर खाडी दिसली. वलांडी दिसली, तिच्यावर बोंबील. खाली एक मुलगा काठी घेऊन बसलेला. एकटा. आरंभी दोन ओळी होत्या, या मुलाला कुणीच नव्हतं, म्हणून त्यानं एक जग शोधून काढलं. मला थोडं चमत्कारिक वाटलं. पण म्हटलं, ताई पुढं येत असेल.

पाण्यातून टोपलीएवढे बुडबुडे वर आले. मी मुलाला पहिल्यावर उडी मारायला लावली. बुडबुडा दबला, मुलगा दबला, आणि बोट सोडताच तो उंच उडाला. जोर लावला की पडायचा. फार वेळ थांबला की बुडबुडा फुटायचा. सगळं माझ्या गोष्टीतलं! खरंच सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो काहीही विसरला नव्हता, असं मला वाटलं.

मग पडदा काळसर झाला. मुलगा घाबरून मागं बघायला लागला. फोन हातात थरथरला, आणि आवाज आला.

टप्, सर्र. टप्, सर्र.

आतून आय म्हणाली, ‘‘आलीस काय गो? गॅसवर भात हाय, बघ जरा.’’

मी ओट्यावरच बसले होते, जागची हलले नव्हते.

पडद्यावर काळोखातून एक म्हातारी खेकडीण येत होती. एक नांगी मोठी, एक छोटी, आणि एक पाय मागून ओढत. ती मुलाच्या मागं मागं येत होती आणि नांगीनं एकेक बुडबुडा फोडत होती. ती जवळ आली की आवाज मोठा व्हायचा. मला पुढं खेळता येईना. तिनं मुलाला गाठलं आणि खेळ संपला.

आय दारात आली. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मी पुन्हा सुरू केलं आणि तिला ऐकवलं. तिनं पदरानं हात पुसले.

‘‘तुझंच पाऊल हाय,’’ ती म्हणाली. आणि जरा वेळानं, ‘‘त्याला काय बोलू नको. पोराचं पहिल्यांदा नाव झालंय.’’

मला वाटलं होतं, आय त्याला फोन करून विचारील. ती भात बघायला आत गेली.

गेमखाली खेळणाऱ्यांनी लिहिलेलं मी वाचून काढलं. बहुतेकांना बुडबुडे आवडले होते, पण सगळ्यात जास्त कौतुक त्या आवाजाचं होतं. कुणी लिहिलं होतं, ती लंगडी आली की अंगावर काटा येतो. कुणी लिहिलं होतं, हेडफोन लावून खेळू नका, रात्री झोप लागणार नाही. भाऊ खाली सगळ्यांना धन्यवाद देत होता.

त्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, माझ्या फोनवर गेम नीट चालत नाही. ‘‘आलो की दाखवतो,’’ तो म्हणाला. त्याचा आवाज इतका आनंदात होता, की मला पुढं बोलता आलं नाही.

त्यानंतर मला माझंच चालणं ऐकू यायला लागलं. घरात चालताना मी डावा पाय उचलून टाकायचा प्रयत्न करायची, त्यानं कंबर दुखायची. अंगणवाडीकडे जाताना डांबरी रस्ता सोडून वाळूतून जायची. वाळूत आवाज होत नाही.

मी कदाचित कधीच बोलले नसते. पण एके दिवशी अंगणवाडीत पोचले तर अंगणात मुलं खेळत होती. एक मुलगी डावा पाय ओढत, हाताची नांगी करून बाकीच्यांच्या मागं लागली होती आणि बाकीचे किंचाळत होते, ‘‘खेकडीण आली, खेकडीण आली!’’ घरी मोठ्या भावंडांच्या फोनवर त्यांनी पाहिलं असणार. मी दारातून आत चालत आले तशी ती मुलगी थांबली. माझ्या पायाकडे तिनं कौतुकानं बघितलं.

‘‘बाई, तुम्हाला पण येतं? किती मस्त करता तुम्ही!’’

तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं. चार वर्षांचं लेकरू. मी तिच्या केसांवरून हात फिरवला, सगळ्यांना ओळीत बसवलं, गाणं घेतलं. मग आतल्या खोलीत गेले, खिचडीच्या पातेल्याजवळ उभी राहिले आणि रडले. मदतनीस बाईंनी दार लोटून घेतलं.

नारळी पौर्णिमेला भाऊ आला. आमच्याकडे तो मोठा सण. होड्यांना रंग, पताका, संध्याकाळी समुद्राला नारळ, आणि त्याच दिवशी राखी. बाबा होडीवर होते. भावानं अंघोळ केली, नवा सदरा घातला आणि पाटावर बसून हात पुढं केला. मी ताट खाली ठेवलं.

‘‘माझं चालणं तू त्या खेकडिणीला का दिलंस?’’

तो हसायच्या बेतात होता, तो थांबला. ‘‘तू खेळलीस?’’

‘‘खेळले.’’

‘‘ताई, तो फक्त एक आवाज आहे गं. त्याच्यावर किती काम केलंय आम्ही. घुमवलाय, खोल केलाय. कुणाला कळणार तो तुझा आहे म्हणून?’’

‘‘आयला कळला. अख्ख्या आळीला कळेल.’’

आय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ‘‘सणाच्या दिवशी नको,’’ ती म्हणाली. दोघांपैकी कुणालाच नाव घेऊन म्हणाली नाही, पण बघत माझ्याकडे होती.

भावानं पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाला, ‘‘खरं सांगू? लहानपणी मी खडकांवर पळून जायचो ना, तेव्हा मागून तो आवाज यायचा. तू मला न्यायला यायचीस. खेळ बंद, घरी चल. मला धडकी भरायची त्या आवाजाची. भीतीचा आवाज शोधायला बसलो, तर मला पहिला तोच आठवला. मी मुद्दाम नाही केलं.’’

मला तो खडक आठवला. ओल्या शेवाळावरून वाकडा पाय सांभाळत, भरती चढत असताना, मी त्याला आणायला जायची. मला पोहता येत नव्हतं. मागून येणारं ते पाऊल त्याच्यासाठी काय होतं, हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं.

‘‘बरं,’’ मी म्हटलं. ‘‘आणि बुडबुडे?’’

‘‘बुडबुड्यांचं काय?’’

‘‘ते कुठून आले?’’

‘‘ते तर मामानं आणलेल्या गेममध्ये होते ना. त्या कॅसेटमध्ये. तिथूनच तर मला हे सगळं सुचलं.’’

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो खोटं बोलत असता तर मला सोपं गेलं असतं, पण तो खोटं बोलत नव्हता. झोपलेला मासा, उलटी चालणारी माणसं, कावळ्यांचं गाव, माझा हात धरून पलीकडे जाणं, यातलं त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. मी वलांडीखाली बसून त्याला जे दिलं ते त्यानं कॅसेटच्या नावावर टाकलं होतं. माझं म्हणून त्याला एकच गोष्ट आठवत होती, पाय.

‘‘टीव्हीवर ते बुडबुडे दिसले तेव्हा तूच ओरडलास, ताईचे बुडबुडे म्हणून,’’ मी म्हटलं. ‘‘आयला विचार.’’

त्यानं आयकडे बघितलं.

आय म्हणाली, ‘‘किती जुन्या गोष्टी. कुणाला आठवतंय.’’

तिला आठवत होतं. तिनं नजर वळवली त्यावरून मला कळलं. तो परत पुण्याला जाणार होता आणि मी घरातच राहणार होते, त्यामुळे तिला कुणाला सांभाळून घ्यायचं हे ठरवणं अवघड गेलं नसावं.

मी उठले. राखी ताटातच राहिली. भाऊ मागून ‘‘ताई, अगं ताई’’ करत ओट्यापर्यंत आला. मी किनाऱ्यावर गेले. तिथं ढोल वाजत होते, बायका नटूनथटून नाचत होत्या, त्यामुळे माझ्या पावलांचा आवाज कुणाला ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. बाबांनी होडीवरून मला हात केला. नारळ समुद्राला दिला, तेव्हा मी गर्दीत उभी राहून हात जोडले. काय मागावं ते मला सुचलं नाही.

परत आले तेव्हा भाऊ ओट्यावर बसला होता. ‘‘आवाज काढून टाकतो,’’ तो म्हणाला. ‘‘ऑफिसात सांगायला लागेल, पण काढतो. आणि शेवटी आभार असतात ना, तिथं तुझं नाव घालतो.’’

‘‘नाव नको,’’ मी म्हटलं. ‘‘आवाज काढ.’’

त्यानं शब्द पाळला. गणपतीच्या आधी गेममध्ये बदल आला. खेकडीण तशीच आहे, पाय तसाच ओढते, पण आवाज आता दगडावर लाकूड आपटल्यासारखा येतो. खाली लोकांनी लिहिलंय, पहिला आवाज का काढला? तो परत आणा, त्यात जीव होता. हे भावानंच मला फोन करून सांगितलं, गमतीनं. आपण दोघं मिळून त्यावर हसू शकतो, असं त्याला वाटलं असावं. मी ‘‘हो का’’ म्हटलं.

आता तो रविवारी फोन करतो. आयशी बोलतो, मग माझ्याशी. मी त्याला बाबांच्या गुडघ्याचं सांगते, होडीच्या इंजिनाचं सांगते. भांडण असं आमच्यात नाही. परवा त्यानं विचारलं, ‘‘ताई, अंगणवाडीतल्या मुलांना सध्या कुठली गोष्ट सांगतेस?’’

त्या आठवड्यात मी एक नवीन गोष्ट सुरू केली होती आणि मुलं रोज पुढं काय झालं म्हणून माझ्या मागं लागत होती. ती मी त्याला सांगितली नाही. ‘‘नेहमीच्याच,’’ म्हटलं आणि फोन आयकडे दिला. भावाशी बोलताना काय सांगायचं आणि काय नाही, याचा आधी विचार करावा लागतो, हे माझ्या अजून अंगवळणी पडलेलं नाही.